लाल ज्वारीतलं औषध

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली. सगळे तिला मिलो म्हणत. शाळूवर वाढलेल्या सोलापूरकराला तिची भाकरी म्हणजे शिक्षाच. थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. पण नुसती नावं ठेवून गप्प बसणारा मी नव्हतो. मी बी.एस्सी. होतो, सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून होतो, आणि एवढ्या दुष्काळामागे कुणाचं तरी डोकं असणारच, अशी माझी खात्री होती.

ते डोकं आमच्या हेडक्लार्कनी शोधून दिलं. चहाच्या वेळी ते हळूच म्हणाले, "मिलोत औषध कालवलंय. पोरं होऊ नयेत म्हणून. अमेरिकेला आपली लोकसंख्या खुपतीय." हे ऐकून मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर बरं वाटलं. पाऊस का पडत नाही याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, मिलो का आली याचं मात्र मिळालं. शिवाय लग्नाला तीन वर्षं होऊन आमच्या घरी पाळणा हलला नव्हता, त्याचंही खापर फोडायला आयती जागा मिळाली. मिलो येऊन जेमतेम चार महिने झाले होते, ही बारीकशी अडचण मी बाजूला ठेवली.

पुढे मी त्या औषधाचा तज्ज्ञच झालो. दाणा लाल का, टणक का, सगळ्याचा अर्थ लावून दाखवायचो. हेडक्लार्कना त्याच मिलोवर चौथं मूल झालं, तेव्हाही मी डगमगलो नाही. "तुमच्या दुकानातलं पोतं वेगळं असणार," असं मीच त्यांना समजावलं, आणि त्यांनाही ते पटलं.

घरात मी फर्मान काढलं: रेशनवरून साखर आणि रॉकेल आणायचं, मिलोचा दाणाही नको. बायको अक्कलकोटकडची. तिच्या माहेरी पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, जुना शाळू होता. त्यातलं एक गाठोडं सासरे दर महिन्याला पाठवत. त्याला थोडा कुबट वास यायचा, पण स्वदेशी वास. मी जेवताना तिला अमेरिकेचा डाव समजावून सांगायचो आणि हात धुऊन तोच डाव शेजाऱ्यांना सांगायला कट्ट्यावर जायचो. ती मागून जेवायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले. मी कचेरीत पेढे वाटले आणि पथ्याचं महत्त्व या विषयावर भाषण ठोकलं. पाचव्या महिन्यात मला एकदम माया दाटून आली. तिला मी माझ्याबरोबर जेवायला बसवलं आणि माझ्या ताटातली भाकरी तिला वाढली. दोन घास खाऊन ती थांबली.

"ही नगं. मला लालच बरी लागती आता."

"लाल?"

"सवय झालीया की. वरीस होऊन गेलं."

तिनं फळीवरचा दुसरा डबा काढून दाखवला. आत लालसर पीठ होतं. एका गाठोड्यात दोघांचं महिनाभर भागत नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ते मला कळायची कधी वेळच आली नव्हती.

"पण त्यात औषध आहे असं मी रोज सांगत होतो ना? तुला खोटं वाटायचं?" मी विचारलं. ती हो म्हणाली असती तर मी तिचे पाय धरले असते.

"न्हाय. तुमी शिकल्यालं मानूस. खरंच वाटायचं," ती म्हणाली. "लई भ्या वाटायचं. रोज वाटायचं."

माझी मान वर होईना. जन्मात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. चहाबरोबर तोंडी लावायला म्हणून मी जे वापरत होतो, त्याची धास्ती ही बाई वर्षभर एकटीनं खात होती.

मी उठून तिनं स्वतःसाठी झाकून ठेवलेली लाल भाकरी घेतली आणि घास मोडला. ती माझ्याकडे बघत होती.

"भ्या वाटतं का?" तिनं विचारलं.

"छे," मी म्हणालो. समोर तिचं वाढलेलं पोट दिसत होतं, तरी भ्या वाटत होतं.