चौदावं नाव

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. रुख्मिणीमावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "कायले लिव्हतं वं बाई, काही झालं तं पायजे लिवाले." अन् खरंच, झालं काहीच नाही. एका बाईनं एक नाव घेतलं, बस. पण आता थांबले तर परत खोडीन, म्हणून एका दमात सांगून टाकते.

जऊळका स्टेशनपासून तीनेक किलोमीटर आत एक शाळा आहे. दोन खोल्या, चौथीपर्यंत वर्ग, पोरं चौदा. रुख्मिणी तिथं बारा वर्षांपासून खिचडी शिजवते. दोन वर्षांआधी तिची एकुलती एक पोरगी गेली, एकोणीस वर्षांची. ताप आला, वाशिमला नेलं, तिथून अकोल्याला, अन् पाचव्या दिवशी घरी आणलं ते तसंच. रुख्मिणी रडली नाही. बाया आधी म्हणाल्या, किती धीराची आहे. मग म्हणाल्या, दगड झाली. मग यायच्याच बंद झाल्या.

रुख्मिणीला स्वतःला विचाराल तर तिला काही वाटतच नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. फक्त जिभेला मीठ कळेनासं झालं. रोज खिचडी उतरवायच्या आधी ती कोणाही पोराच्या तळहातावर घासभर टेकवायची, "पाह्य रे, कमी हाय का?" पोरगं म्हणायचं, "बराबर हाय मावशी." मग ती झाकण ठेवायची.

या जुलैत शाळेत टॅब आले. जूनमध्ये बदलून आलेले विनोद सर रोज आसेगावहून मोटारसायकलनं यायचे, त्यांनीच धडपड करून मिळवले. टॅबची गंमत अशी की तो प्रत्येक पोराचं वेगळं पाहायचा. कोणाला बेरीज जमली नाही तर त्याला खालच्या पायरीवर नेऊन चिंचोके मोजायला लावायचा, जमलं की वर चढवायचा. बारा पायऱ्या. कोणाला कोणासाठी थांबायचं काम नाही.

पण त्यातून एक बाई बोलायची. "अचूक पर्याय निवडा." पोरं टॅबकडे पाहायची, मग सरांकडे.

"सर," तिसरीतला धम्मपाल म्हणाला, "हे बाई कोनावर चिडून राह्यली?"

सरांनी मग स्वतःचा आवाज भरून पाहिला. तर पोरं ताठ बसली. सर टॅबातूनही पाहून राह्यले म्हणून हालेचनात.

एक दिवस सर ओट्यावर उभे होते अन् रुख्मिणी वाढत होती. "बादल, तुह्या ताटात पाच वाटाने हाय. दोन अजून टाकले तं किती? सांग, मंगच भेटीन." बादलनं बोटं मोजली अन् सांगितलं, सात. वर्गात ज्याला दोन अन् दोन जमत नव्हतं तो बादल.

"मावशी," सर म्हणाले, "तुमचा आवाज देता का मले?"

"घ्या," रुख्मिणी म्हणाली. काहीही मागितलं असतं तरी ती तेव्हा घ्याच म्हणाली असती.

तांदळाच्या कोठीत बसून त्यांनी भरायला सुरुवात केली, पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणून. मधेच रेल्वे गेली की थांबायचं. "पाह्य बरं, किती झाले?" "चुकलं, अजून एकदा मोज." ते सगळं झालं. अडलं शाब्बासवर.

"मावशी, जरा खुशीत बोला नं."

"खुशीतच हाय मी सर."

चार वेळा घेतलं. चारही वेळा "शाब्बास" असं निघालं, जसं कोणी सांगावं की दळण झालं. शेवटी सर म्हणाले, तुमी एरवी काय म्हणता तेच म्हणा. तर ती म्हणाली, "हां. बरं हाय." तेच ठेवलं. अन् पोरं त्या "बरं हाय"साठी जीव टाकू लागली.

मग नावं. प्रत्येक प्रश्नाच्या आधी टॅब त्या त्या पोराला नावानं हाक मारणार होता. सर एक एक नाव वाचायचे, रुख्मिणी म्हणायची. तेरा झाली.

"अन् शेवटचं, पौर्णिमा."

रुख्मिणी पोत्यावरची सुतळी पाहत राहिली. "हे राहू द्या," ती म्हणाली.

"थकल्या का?"

"हो."

सर नवे होते. त्यांना कुठं माहीत की दुसरीतली ही बोळकी पोरगी अन् रुख्मिणीची गेलेली पोरगी एकाच नावाच्या. अन् गावातल्याही कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं की सगळ्या पोरांना नावानं वाढणारी रुख्मिणी हिला पहिलीत आल्यापासून नुसतं "ए पोरी" म्हणते.

राहिलं ते राहिलंच. बाकीच्यांचे टॅब म्हणायचे, "बादल, पाह्य बरं." पौर्णिमाचा टॅब आधी गप्प राहायचा, नावापुरता, अन् मग म्हणायचा, "पाह्य बरं."

"तुह्यं नाव मावशीले पसंत नाई," बादलनं चिडवलं.

"बाराव्या पायरीवर ठेवलं हाय माह्यं नाव," पौर्णिमा म्हणाली. "तुले काय मालूम?"

अन् ती चढत सुटली. सगळ्यात मागं असलेली पोरगी महिनाभरात नवव्या पायरीवर. मधली सुट्टी झाली तरी टॅब सोडेना. सर खूश, रुख्मिणीला येऊन सांगितलं की पाहा मावशी, काय पोरगी आहे.

त्या दिवशी ताट पुढं करून पौर्णिमानं विचारलं, "मावशे, बाराव्यावर तू घेतं नं माह्यं नाव?"

रुख्मिणीचा हात थांबला. मागचं पोरगं ताटानं ढोसत होतं.

"कोन सांगतलं तुले?"

"कोनी नाई. मीच समजली. आता तीनच राह्यल्या."

संध्याकाळी रुख्मिणीनं नवऱ्याला, ग्यानबाला, हे सांगितलं. तो जवळच्या मालेगावहून हमाली करून आलेला, पाय धुत होता.

"बोलून टाक नं. नावच तं हाय."

"तुमी घ्या बरं."

ग्यानबा तांब्या हातात धरून उभा राहिला. मग त्यानं ओल्या पायातच चपला घातल्या अन् बाहेर निघून गेला. रुख्मिणीनं भाकरी टाकल्या. तिला त्याचा रागही आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळा भरायच्या आधीच कोठीत जाऊन बसली.

"लावा सर ते. राह्यलेलं."

सरांनी मोबाइल समोर धरला. तिनं तोंड उघडलं अन् आवाजच आला नाही. स्क्रीनवरची रेघ सरळच्या सरळ.

"माह्या पोरीचं हेच नाव होतं," ती म्हणाली.

सरांनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "मावशी, राहू द्या. नुसतं बेटा म्हणा. तेवढंही चालते."

"बेटा कायले? बेटा कोनीबी हाय. ते नावाची वाट पाहून राह्यली."

मग तिनं घेतलं. एकदाच. बाकी तेरा नावांसारखंच, सपाट. तिला वाटलं होतं काहीतरी फाटेल आतून. काही फाटलं नाही. ती उठली अन् तांदूळ निवडायला बसली.

सरांनी ते लगेच टॅबमध्ये टाकलं. अकरा वाजता रुख्मिणी चुलीपुढं होती अन् वर्गातून आवाज आला. "पौर्णिमा, पाह्य बरं." मग परत. परत. पोरगी गणित करतच नव्हती, पुन्हा ऐकायचं बटण दाबत होती. रुख्मिणीच्या हातातला झारा तसाच राहिला. आवाज तिचाच, पण तिला वाटलं दुसरीच कोणी बाई दारात उभी राहून आपल्या पोरीला बोलावतेय, अन् तिला कोणीतरी सांगायला पाहिजे की पोरगी आता येणार नाही. कोण सांगणार? ती ऐकत राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा खिचडी खाली लागली.

पौर्णिमा टॅब घेऊनच पळत आली. "मावशे! तू तं दहाव्यावरच आली!"

"हो. लवकर आली."

"आता तोंडानं घे."

रुख्मिणीनं तिच्याकडे पाहिलं. पडलेले दात, कानावर आलेले केस, सगळं नीट पाहिलं.

"उद्या," ती म्हणाली.

याला दोन महिने झाले. पोरगी रोज विचारते. रुख्मिणी रोज उद्या म्हणते. पण "ए पोरी" म्हणणं तिनं सोडलंय. पौर्णिमाचं ताट पुढं आलं की गप्प राहून वाढते, अन् एक पळी जास्त टाकते.

मला तुम्हाला एवढंच म्हणायचं आहे की तिला भेटून या. लवकर जा, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत, नाहीतर लागल्यावर थेट घरीच जा. शाळा बंद झाली की चौदाही पोरं आपापल्या घरी असतात, ग्यानबा दिवसभर मालेगावात, अन् तिच्या घराच्या ओट्यावर दोन वर्षांपासून कोणी बसलेलं नाही. समजावू नका, रडवायला तर अजिबात जाऊ नका. बसा. ती चहा ठेवील. बोलली तर ऐका, नाही बोलली तरी अर्धा तास बसून या. जऊळका स्टेशनवर कोणालाही विचारा, खिचडीवाली रुख्मिणी कुठं राहते. या आठवड्यातच जा.