प्लास्टिकची पंगत

आमच्या प्रयोगशाळेत फ्रिज आला तेव्हाही नारळ फुटला होता. माझे मार्गदर्शक सर मनाने फार चांगले. फक्त फोटोशिवाय एखादी गोष्ट घडू शकते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. नमुना थंड करायचा तो त्यांच्या डोळ्यांदेखतच, हा त्यांचा नियम होता.

मी कॉलेजात शिकवता शिकवता चाळिशीत पीएच.डी. करत होते. खताच्या गोण्या ज्याच्या विणतात ते प्लास्टिक दोन काचांमध्ये वितळवायचं, वरची काच चटकन सरकवायची आणि थंड होताना सूक्ष्मदर्शकातून पाहायचं, एवढंच काम. नुसतं थंड केलं तर काळोखात गोल चमकदार फुलं उमलतात. ते त्याचे स्फटिक. काच सरकवली की मात्र रेणूंच्या साखळ्या ताणल्या जाऊन एका दिशेने पडतात आणि त्यांच्या आधाराने स्फटिक ओळीत उभे राहतात. रेणुभार जास्त, म्हणजे साखळी लांब. साखळी लांब, तर ओळ पक्की. असं पुस्तकं म्हणतात.

माझ्याकडे आखूड आणि लांब साखळ्यांचं, दोन्ही प्लास्टिक होतं. तीन महिने दोन्हींत फुलंच आली. सोमवारी समिती येणार होती. ओळ दिसली नाही तर माझी नोंदणी रद्द.

गुरुवारी मी काच सरकवली आणि शिपाईमामा सरांना बोलवायला गेले. मामा मोहोळकडचे, गावातल्या लग्नांत वाढपी म्हणून त्यांना मोठी मागणी.

"फोनवर हायती. येतो म्हनले," मामा परत येऊन म्हणाले. मग वाकून काचेकडे बघत, "म्याडम, ही सरकवली की काय हुतं?"

"आतले रेणू ओळीत बसतात."

"मंग थांबलाव कशाला?"

"सर यायचेत ना."

मामा हसायला लागले. "आवं, पंगत बसवली आन वाढपी आलाच न्हाय, तर मानसं बसून ऱ्हात्यात व्हय? बारकी पोरं लगीच उठत्यात. म्हातारी गुडघ्यामुळं जरा दमानं. पन उठत्यातच की!"

मी स्टुलावर बसलेच. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये ताणलेल्या साखळ्या पुन्हा गुंडाळतात. आखूड क्षणात, लांब सावकाश. हे मी स्वतःच्या प्रबंधात पान भरून लिहिलं होतं. आणि रोज त्यांना दहा-दहा मिनिटं गरम ठेवून सरांची वाट पाहत होते. सर फोन संपवणार, चष्मा पुसणार, केस नीट करणार. तोवर पंगत उठलेली.

शुक्रवारी सर कुणाच्या तरी सत्काराला गेले. मी नियम मोडला. काच सरकवली आणि लगेच नमुना थंड केला. आधी नुसता काळोख. मग एक बारीक तेजस्वी रेघ, तिच्याशेजारी दुसरी, आणि बघता बघता सगळा नमुना ओळींनी भरला. एरवी फुलायला वेळ लावणारं लांब साखळ्यांचं प्लास्टिक त्या दिवशी आधी गोठलं. आखूडवाल्यात मात्र फुलंच.

मामांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "बसली की वो पंगत! लई झ्याक!"

पेढे आणायला सात रस्ता चौकापर्यंत जायचाही धीर नव्हता. डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही तिथेच वाटून खाल्ली.

सोमवारी समितीचे अध्यक्ष आले. हार, शाल, नारळ, दीपप्रज्वलन. सर माझ्या कानात म्हणाले, "काच सरकवून तयार ठेवा, मी परिचय करून देतो."

सरांचे परिचय मी ऐकलेले होते. "सर, आधी पाहुणे बसू देत," मी म्हटलं आणि काचेला हात लावला नाही. सर रागावले, पण पाहुण्यांसमोर त्यांना हसावं लागलं.

परिचय संपला. अध्यक्ष सूक्ष्मदर्शकाशी बसले. मग मी काच सरकवली आणि लगेच नमुना थंड केला. थोड्या वेळाने ते "अरे वा!" म्हणाले आणि जागेवरून उठेचनात. चहा निवला. अखेर मान वर करून त्यांनी विचारलं, "नोंदणीची काळजी करू नका. पण इतकं स्वच्छ दिसतंय, मग तीन महिने अडलं कुठे?"

मी सरांकडे पाहिलं. कप गोळा करता करता मामाच बोलले, "वाढपी उशिरा यायचा, सायेब."

सगळ्यांत मोठ्याने सर हसले. त्यांनी मामांसोबत फोटोही काढून घेतला.