छातीइतका उंच ओटा

किन्हीराजा गावाच्या बाजारवाटेवर मी बांधलेला ओटा गुडघाभर उंच होता, आणि ती चूक माझी होती. डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या माळणींनी दमल्यावर घटकाभर बसावं, हा हेतू. दगडावर वडिलांचं नाव कोरलं, नारळ फोडला, भाषणही ठोकलं. सहा महिन्यांत त्यावर एक बाई बसली नाही. बकऱ्या बसल्या.

मागच्या महिन्यात लक्ष्मण माळी गेल्याचा निरोप आला, तेव्हा मला आधी हा ओटाच आठवला...

ओटा बांधला त्या काळी मी शाळेत मास्तर होतो, म्हणजे सगळं मलाच कळायचं. "बायांना केल्याची जाणच नाही," असं मी लक्ष्मणच्या मळ्यात बसून म्हणालो. तो वांगी तोडत राहिला. पुढचे तीन बाजार मात्र तो त्या वाटेवर बाभळीखाली जाऊन बसला, आणि मग माझ्याकडे आला.

"सखूले पाह्यलं का मास्तर? ओट्यापाशी आली का हळू होते, त्याच्याकडं पाह्यते, अन् तशीच पुढं जाते."

त्या माळणींतल्या सखूला तेव्हा सातवा महिना होता. आदलं मूल याच वाटेवर, पाटी डोक्यावर असतानाच पोटात गेलं होतं. गावाला ठाऊक होतं, मलाही होतं.

"मग बसत का नाही ती?"

"मले काय ठावं? बाईचं वझं मी कधी उचललं? चाला, उचलून पाहू."

पुढच्या बाजाराला त्यानं माझ्या डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, वर वांग्यांची भरलेली पाटी. धोतर सावरू की पाटी, अशा अवस्थेत मी निघालो. मळ्यातल्या बाया पदराआड हसत होत्या. ओट्यापर्यंत मान खांद्यात शिरली. मी कशीबशी पाटी खाली टेकवली, बसलो, आणि 'बघा, किती सोय केली आहे' अशा नजरेनं लक्ष्मणकडे पाहिलं. त्यानं शांतपणे चिलीम भरली.

निघायची वेळ झाली. पाटी गुडघ्यापर्यंत आली, पोटापर्यंत आली, तिथून वर येईना. दुसऱ्या खेपेला अर्धी वांगी धुळीत गेली.

"लक्ष्मण, हात लाव ना!"

"मी इथं नाहीच असं समजा. सखू एकटीच असते."

एवढंच बोलला. मग स्वतः वाकून एकेक वांगं पुसून पाटीत भरू लागला...

त्याच आठवड्यात ओटा छातीइतका उंच केला. आता पाटी डोक्यावरून सरळ ओट्यावर सरकते, आणि दम खाऊन झाला की तशीच डोक्यावर जाते. कोणाचा हात लागत नाही. वडिलांच्या नावाचा दगड तळाशी राहिला, गवतात. सखू शेवटच्या दिवसांपर्यंत तिथं पाटी टेकवत गेली. मुलगी झाली, ती आज आईबरोबर बाजार करते.

लक्ष्मणचं दिवसपाणी झाल्यावर मी त्या ओट्याशी जाऊन उभा राहिलो. दोन्ही कोपरं वर टेकवली, डोळे मिटले. मागून सखूचा आवाज आला, डोक्यावर मेथीची पाटी.

"सरका मास्तर. इथं कामाचं सामान ठेवत असतात."