वीस मिनिटं पुढचं घड्याळ

कर्वेनगरातल्या एका महाविद्यालयातली ती पेपरफुटी आठवली की आजही मला आधी आरोपी आठवत नाही, आमची उपनिरीक्षक आठवते. वयाने माझ्या लेकीएवढी, संगणक शिकून पोलिसांत आलेली. वरिष्ठ थेट तिलाच फोन करायचे. ठाण्याची प्रमुख मी, आणि फोन तिला! माझा नुसता तिळपापड व्हायचा. तेव्हाची मी म्हणजे खांद्यावर तीन तारे आणि अक्कल त्यांच्याखाली दबलेली.

खबर महाविद्यालयाच्या कार्यालयीन अधीक्षकांनीच दिली. प्रश्नपत्रिका तिथल्या संगणकावरून पेनड्राइव्हवर उतरवली होती. संगणकातली नोंद दुपारी एक वीसची. त्यांचा जबाब असा : "सव्वाची घंटा होईपर्यंत खोलीत मी एकटाच होतो. मग लिपिक बाई आल्या, मी जेवायला गेलो."

बाईंना दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्यात आणलं. "मी फक्त डबा खाल्ला हो," एवढंच त्या सांगत होत्या. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले. अटक झाली की नोकरी गेलीच.

अकराला उपनिरीक्षक म्हणाली, "मॅडम, त्या संगणकाची वेळ बरोबर आहे का, बघून येऊ?"

"अगं, आपण चोर धरतो. घड्याळं दुरुस्त करायला लक्ष्मी रस्त्यावर दुकानं आहेत."

बोलले खरी, पण डोक्यात किडा वळवळत राहिला. शेवटी मीच गुपचूप तिथे गेले. माझ्या मनगटावर चार, पडद्यावर चार वीस! इंटरनेटवरून वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर बंद होतं.

तिथला शिपाई हसला. "अहो, अधीक्षक साहेबांनीच बंद केलंय. लोकांनी वेळेवर यावं म्हणून घड्याळ पुढे. वर्ष झालं. ते सॉफ्टवेअर सारखं मागे आणायचं. घंटा मात्र मी माझ्या घड्याळावर देतो, बरोबर वेळेला."

म्हणजे एक वीसची नोंद खरी एकची. आणि एक वाजता खोलीत एकटे अधीक्षक, त्यांच्याच जबाबाप्रमाणे. जबाब पुढ्यात ठेवला, तसे ते कबूल झाले. बाईंना मी घरी सोडलं.

केस डायरीत मी लिहिलं, 'माझ्या निदर्शनास आले.' आमच्या उपनिरीक्षक बाईंनी शांतपणे वाचलं. "वेळही टाका ना, मॅडम. मला अकराला सुचलं, आपल्या निदर्शनास चारला आलं."

कान तापले. ओळ खोडली, तिचं नाव लिहिलं.

संगणक वीस मिनिटांनी चुकला होता, मी पाच तासांनी. तेवढा वेळ एक निर्दोष बाई ठाण्याच्या बाकावर बसून होती, का, तर एका पोरीचं बरोबर असणं मला सोसत नव्हतं.