संदीपची इर्जिक

संदीपचे निधन मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास रिहे येथे, घरामागच्या भातखाचराच्या बांधावर झाले. वय एकेचाळीस. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. आधी कसलाही त्रास नव्हता. साडेअकराला त्याच्या पत्नीचा, वैशालीवहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे गेले.” मी विचारले, “कुठे?”

आमची ओळख एका तक्रारीतून झाली. माझ्या वृत्तपत्राचे जुने अंक संगणकाच्या कालबाह्य फॉन्टमध्ये अडकले होते. तो मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणणारे एक छोटे सॉफ्टवेअर पॅकेज कुणीतरी लिहून सर्वांसाठी खुले ठेवले होते. पुढे मूळ लेखक गप्प झाला, तक्रारी साचल्या. त्यात माझीही होती, जरा उर्मटच. दोन वर्षांनी तिला मराठीत उत्तर आले : “आजपासून हे मी सांभाळतोय. शनिवारपर्यंत थांबा.” हिंजवडीत नोकरी करणाऱ्या संदीपने मूळ लेखकाला तीन पत्रे लिहून ताबा मागून घेतला होता. शनिवारी दुरुस्ती आली.

पुढे, तो जाण्याच्या आदल्या आठवड्यात, त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील, आबा, ओसरीवर आमचे पॅकेजचे बोलणे ऐकत होते. “पगार कोन देतं रं ह्याचा?” त्यांनी त्याला विचारले. “कुनी न्हाई आबा. इर्जिक हाय.” इर्जिकीत गाव बैलजोड्या घेऊन एकाच्या शेतात उतरते, मजुरी नसते, जेवण असते. आबा म्हणाले, “इर्जिकीला मानसं येत्यात. हितं तू एकलाच औत वढतुयास. आन् जेवान बी आपल्याच घरचं!” संदीप हसला. मग मला म्हणाला, “आबांचं खरं आहे. मला काही झालं तर दुरुस्ती चढवायला दुसरं कुणी नाही. तुमचं नाव जोडू? निमंत्रण पाठवतो.” मी म्हणालो, “पाठवा, बघतो.”

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वहिनींनी त्याचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. “त्यांचं काम बंद पडू देऊ नका.” रफार भलत्याच अक्षरावर बसण्याची जुनी चूक त्याने दुरुस्त केली होती, ती जाहीर करणे राहिले होते. पॅकेज ज्या संकेतस्थळावर ठेवले होते, तिथल्या त्याच्या पानाचा पासवर्ड कुठेही लिहिलेला नव्हता. त्याने पाठवलेल्या मेलमध्ये दुरुस्ती चढवण्याचा अधिकार देणारे, माझ्या नावाचे निमंत्रण मात्र सापडले. मी माझा मेल उघडला... ते स्पॅममध्ये पडले होते. मुदत सात दिवसांची, आदल्या शुक्रवारी संपलेली. तो गेला तेव्हा तीन दिवस बाकी होते.

दुरुस्त प्रत मी नव्या नावाने खुली केली आहे. वापरणारे अजून जुन्याच पानावर जातात. त्या पानाचा ताबा मिळावा म्हणून वहिनींच्या सहीचा अर्ज, मृत्यूच्या दाखल्यासह, संकेतस्थळाकडे पाठवला आहे. पोच मिळाली आहे, निर्णय नाही. काल संध्याकाळी जुन्या पानावर एका ग्रंथपालांची तक्रार आली : “रफार चुकतोय. कधीपर्यंत होईल?” दुरुस्ती चढवण्याचा अधिकार असलेल्यांच्या यादीत एकच नाव आहे. संदीपचे.