अपघाताचा रकाना

बडनेऱ्याजवळच्या आमच्या ट्रक ड्रायव्हिंग स्कूलसाठी मी प्रशिक्षक निवडत होते. अटी तीन: जड वाहनाचा परवाना, पाच वर्षांचा अनुभव, अपघात शून्य. पन्नाशीतले एक गृहस्थ आले. खुर्चीवर बसण्याआधी अंगणातल्या ट्रकचे सगळे टायर हाताने थोपटून आले. अनुभव तीस वर्षांचा. अपघाताच्या रकान्यात मात्र त्यांनी ‘एक’ लिहिलं.

“सेमाडोहच्या घाटात डिझेल वाचवाले गाडी न्यूट्रल केली, मॅडम. ब्रेक तापले, लागलेच नाही.”

“भाऊ, हे लिहिलं नसतं तर कोणाला कळलं असतं?”

“मंग पोरायले काय शिकवू?”

अट म्हणजे अट. मी त्यांना नाही म्हटलं. टायरांकडे एकदा बघून ते गेले.

निवडलेल्या तिघांच्या रकान्यात शून्य आहे. उतारावर गाडी न्यूट्रल करता का, असं मी परवा विचारलं. एकजण सहज म्हणाला, “करतो ना. डिझेल वाचते.”