पहिलवानाच्या खटल्याचा पुकारा

वाशीमच्या कोर्टात पुकारा करणारा चपराशी माझ्या रोजच्या ओळखीचा. त्याचा खणखणीत आवाज रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत जाई आणि मला तो आवडायचा.

रिठदच्या एका विणकरानं वाट दिली नाही म्हणून एका नामांकित पहिलवानानं त्याचा हात मोडला होता. कुस्त्यांचा हंगाम सांगून पहिलवान दर वेळी तारीख वाढवून घेई. विणकर मात्र प्रत्येक तारखेला पायी येई. त्या दिवशी तो दाराजवळच बसला होता. चपराशानं त्याचं नाव नुसतं पुटपुटलं. फिर्यादी गैरहजर ठरला आणि पहिलवान सुटला.

"मी तं इथंच बसून होतो. मले काहून नाही बलावलं?" विणकरानं विचारलं.

"पुकारा झाला. जाय घरी," चपराशी म्हणाला आणि हसत वळला, "पैलवान, आता कुस्ती कुठं हाय?"